काळं रान, तीस गुंठे ऊस आणि ठिबक: लागण तुटून खोडवा आल्यावरचा अनुभव

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पंचगंगेच्या पाण्यावर ऊस करणाऱ्यानं केवळ "पाणी वाचतं" म्हणून ठिबक घेऊ नये. पाणी वाचतं, त्यात खोटं काही नाही. पण वाचलेल्या पाण्याचे पैसे कुणी देत नाही. आमच्या पाणीपुरवठा संस्थेची पट्टी एकरावर ठरते. फेराला, म्हणजे पाण्याच्या पाळीला, सरी तुडुंब भरा नाहीतर निम्मी भरा, आकारणी तीच. विहिरीवरच्या मोटरीचं म्हणाल तर २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. म्हणजे बचतीचं गणित खिशात दिसतच नाही. तरी उद्या परत घ्यायची वेळ आली तर मी घेईन. का, ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्या भागात ठिबकाबद्दल एकतर कंपनीचा माणूस बोलतो नाहीतर पाइपा गुंडाळून आढ्याला टांगून ठेवलेला माणूस बोलतो. मधलं कुणी बोलत नाही.

माझं रान शिरोळ तालुक्यात. काळं, खोल, निचऱ्याला जड. पाच फुटी सरी, ८६०३२ जातीच्या उसाची रोपं, पूर्वहंगामी लागण. ती तुटून गेली, आता खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून परत फुटलेला ऊस, उभा आहे. खालच्या कोपऱ्यात मीठ फुटतं. उन्हाळ्यात माती पांढरी पडते, पावसाळ्यात पायाला लोण्यासारखी चिकटते आणि तिथला ऊस कमरेच्या वर जात नाही. शिरोळकरांना हे नवीन नाही. बारमाही पाणी, उसावर ऊस आणि पाण्याला खाली उतरायला वाट नाही. मग जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते, ऊन पाणी ओढून घेतं आणि क्षार तेवढे वर ठेवून जातं. म्हणून माझ्यापुरता प्रश्न पाणी कमी पडण्याचा कधी नव्हताच. जास्त होण्याचा होता.

आता पाण्याचा हिशोब. तीस गुंठ्यांत एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण ३,००० लिटर लागतात. भर उन्हाळ्यात मोठ्या उसाची गरज दिवसाला ५-६ मिलिमीटर धरली तर १५ ते १८ हजार लिटर झाले. पाच फुटी सरीला तीस गुंठ्यांत लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकाची नळी, बसते २,००० मीटरच्या आसपास. ४० सेंटिमीटरवर ड्रीपर (थेंब सोडणारं तोंड) म्हणजे ५,००० ड्रीपर, प्रत्येकी ताशी २ लिटर. तासाला १०,००० लिटर. म्हणजे एप्रिल-मे महिन्यातसुद्धा दीड-पावणेदोन तास मोटर पुरे. पाटानं पाजताना एका पाण्याला १० सेंटिमीटर सहज जातं, म्हणजे ३ लाख लिटर. उन्हाळ्यात तेच दहा-बारा दिवसांनी.

यातून एक गोष्ट कळली जी माहितीपत्रकात नसते. खरी बचत उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात होते. डिसेंबरात उसाला दिवसाला ३ मिलिमीटर पुरतं. पण पाटाचा फेर आला की माणूस पाणी घेतोच, कारण पुढचा फेर कधी येईल आणि मधेच उपसाबंदी लागेल का, याचा भरवसा नसतो. गरज नसताना घेतलेलं हे पाणीच रानाचं वाटोळं करतं. आता थंडीत मी हाताचा अंदाज घेतो. बुडातली वीतभर खालची माती मुठीत दाबायची. लाडू होऊन बोटाला ओल लागली की त्या दिवशी मोटर बंद.

आता सगळ्यात मोठी अडचण, आणि ठिबक घ्यायच्या आधी जी कुणीच सांगत नाही ती. ठिबकाला रोज थोडं पाणी लागतं. संस्था पंधरा-वीस दिवसांतून एकदा भरपूर देते. या दोघांचं जमत नाही. डीलर म्हणाला, शेततळं करा. पंधरा दिवसांचं पाणी साठवायचं तर रोजच्या १५ हजार लिटरनं सव्वादोन लाख लिटर झाले. त्याला दहा बाय दहा मीटर आणि तीन मीटर खोल तळं, कडेचा उतार आणि बांध धरला तर दोन गुंठे पार जातात. तीसातले दोन! वर कागद, कुंपण, शेवाळ आणि पोरंबाळं पडायची धास्ती. माझं निभावलं ते चुलत्यांच्यात सामाईक विहीर आहे म्हणून. संस्थेचा फेर आला की तो मी आता फक्त खालच्या पट्टीला घेतो. पाणी सोडणारा पाटकरी पहिल्यांदा हसला, आता विचारतही नाही. ज्यांच्याकडं विहीर किंवा बोअर नाही, निव्वळ संस्थेच्या पाण्यावर ज्यांचं रान आहे, त्यांनी माझं पुढचं वाचून हुरळून जाऊ नये. संस्थेनंच रोजच्या दाबाचं पाणी पाइपातून द्यायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी, पण त्याला सगळे सभासद एका मताचे लागतात आणि आमच्याकडं वार्षिक सभेत चहावरसुद्धा एकमत होत नाही.

घरच्यांना ठिबक आवडलं ते एकाच कारणानं, रात्रीची लाइट. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाटानं पाजायचं म्हणजे रात्री दोनला बॅटरी आणि खोरं घेऊन उसात शिरायचं, सरी फुटली की चिखलातून चाचपडत जायचं. पायाखाली साप आहे का मुळी, हे उजाडल्यावरच कळायचं. आता संध्याकाळी व्हॉल्व्ह लावून ठेवतो, ऑटो स्टार्टर लाइट आली की मोटर उचलतो आणि टायमर बंद करतो. या एका गोष्टीसाठी बायकोनं माझ्या बाकीच्या सगळ्या ठिबक-खर्चाला माफी दिली आहे.

फिल्टरवर मात्र थोडं जास्त लिहितो, कारण ठिबक बंद पडतं ते इथंच. आमच्या विहिरीचं पाणी खारट. चार-सहा महिन्यांत ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी पापडी धरली. बाहेरून लॅटरल चांगली दिसते, पाणीही येतं, फक्त शेवटच्या टोकाचे थेंब मंदावतात. ते कळायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला ड्रीपरखाली एकेक वाटी ठेवून ठरावीक वेळात किती भरते ते बघायचं. शेवटची वाटी बरीच मागं पडली की आम्लाची वेळ झाली. हायड्रोक्लोरिक आम्ल व्हेंचुरीतून (खत-औषध पाइपात ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडायचं, टोकाच्या पाण्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास आला की मोटर बंद करून एक दिवस तसंच ठेवायचं आणि मग सगळ्या एंड कॅप, म्हणजे लॅटरलच्या टोकाची टोपणं, काढून धुऊन काढायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आणि हातमोजे घालायचे, उगाच शूरपणा नको. पहिल्यांदा एंड कॅप काढल्यावर पायावर जो गढूळ पांढरट गाळ आला तो बघून कळलं, आपण इतके दिवस काय पाजत होतो. नदीचं पाणी घेणाऱ्यांना क्षारापेक्षा गाळ आणि शेवाळाचा त्रास जास्त. त्यांना वाळूचा फिल्टर लागतोच, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही.

माझ्या डीलरनं मात्र संच बसवताना जाळीचाच फिल्टर दिला आणि "विहिरीला हाच चालतो" म्हणाला. दाब बघायचं घड्याळ एकच लावलं, तेही फिल्टरच्या अलीकडं. फिल्टर तुंबलाय का हे कळायला अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही दाब लागतात. दुसरं घड्याळ मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणून स्वतः बसवलं, पुढं डिस्क फिल्टरही घेतला. डीलरचं नाव घेत नाही, पण बसवून झाल्यावर त्यानं फोन उचलणं हळूहळू बंद केलं. तेव्हा संच कुणाचा यापेक्षा बसवणारा किती लांब राहतो हे आधी बघा.

खतात फायदा झाला, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. पूर्वहंगामीला हेक्टरी ३४० किलो नत्राची शिफारस. तीस गुंठ्यांना तेवढं नत्र युरियातून द्यायचं तर ४५ किलोची पाच पोती. ठिबकातून देताना चार पोत्यांत भागवलं. आठवड्याला सात-आठ किलो, एका बादलीत विरघळवून. पूर्वी पोतं फोडून मुठीनं टाकायचो, पाटाचं पाणी आलं की निम्मं खालच्या शेजाऱ्याच्या रानात. पण युरिया इतका स्वस्त आहे की एक पोतं वाचलं याचा आनंद दोन चहात संपतो. महाग असतं ते विद्राव्य स्फुरद. १२:६१:० हे तसलं खत दर आठवड्याला सोडायचं कोष्टक मला दिलं होतं, मी ते बाजूला ठेवलं. स्फुरद लागणीला आणि भरणीला (उसाच्या बुडाला माती लावताना) मातीतच दिलं, ठिबकातून फक्त युरिया आणि पांढरं पोटॅश. लाल पोटॅश फिल्टरच्या वाटेला नेऊ नका, त्याचा गाळ बसतो. तण मात्र चांगलंच कमी झालं. सरीचा मधला पट्टा कोरडा राहतो, तिथं लव्हाळाही दम धरून उगवतो.

आता त्रास. भरणीच्या वेळी लॅटरल उचलून कडेला घ्यायची, माती लावून झाली की परत अंथरायची. दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो आणि ओढताना टेकऑफ (लॅटरल मोठ्या पाइपाला जोडणारे तुकडे) निखळतात. उंदीर लॅटरल कुरतडतात, तेही जॉइनर लावून झाल्यावर बरोबर वीतभर पुढं. आणि तोड. टोळी यायच्या आत पाइपा गुंडाळायला हव्यात, नाहीतर कोयत्याखाली तुकडे. पण टोळी कधी येईल हे कारखान्याच्या चिटबॉयलाही (तोडीची चिठ्ठी देणाऱ्यालाही) नक्की सांगता येत नाही. गुंडाळाव्यात तर तोडीपर्यंत ऊस कोरडा, न गुंडाळाव्यात तर धास्ती. यावर्षी टोळीच्या मुकादमाला आधी चहापाण्याचं बघितलं तेव्हा दोन दिवस आधी निरोप आला. पाला पेटवायची सवय असेल तर ठिबकाच्या नादाला लागूच नका. पाला सरीत कुजवायचा आणि लॅटरल वर टाकायची. काडी ओढणारा शेजारी असला तरी धोका आहेच.

ज्यासाठी हे सगळं केलं त्या मिठाबद्दल. ठिबकानं मीठ जात नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. ते फक्त जागा बदलतं. थेंबाभोवती ओला गोळा तयार होतो, क्षार त्याच्या कडेला ढकलले जातात. मार्चमध्ये माझ्या रानात चालत गेलात तर दोन ओळींच्या मधोमध पांढरी रेघ दिसते, खडूनं ओढल्यासारखी, आणि ओळीत ऊस हिरवागार. मुळं गोड्या पट्ट्यात, मीठ मधे. पण वळवाचा एखादा हलका पाऊस झाला की मधलं मीठ विरघळून मुळाकडं येतं. म्हणून अशा पावसात लोक मोटर बंद करतात तेव्हा मी उलट चालू ठेवतो. शेजारचा अजूनही वेड्यात काढतो. जून-जुलैचा जोराचा पाऊस मीठ खाली धुऊन नेतो, पण ते खाली जायला वाट हवी. ती वाट ठिबक देत नाही. त्याला निचऱ्याचा चर नाहीतर जमिनीखालून सच्छिद्र पाइपच हवेत आणि ते एकट्या तीस गुंठ्यांत करून उपयोग नाही, पाणी नाल्यापर्यंत न्यायला खालचे चौघे तयार लागतात. तूर्त खालच्या कोपऱ्यातला ऊस कमरेवरून डोक्याच्या वर आला आहे. बाकीच्या रानाची बरोबरी अजून नाही.

उतारा म्हणाल तर लागणीला वाढ दिसली. एकरी पंचेचाळीस टनांच्या आतबाहेर असायचो, पन्नाशी ओलांडली. शंभर टनांचे फलक लावणाऱ्यांना हे किरकोळ वाटेल. यातलं किती ठिबकाचं, किती रोपांचं आणि किती पाच फुटी सरीचं, हे वेगळं काढता येत नाही, कारण तिन्ही एकदमच केलं. खोडव्यात मात्र फुटवे एकसारखे आलेत. पूर्वी कोपऱ्याकडं नांग्याच नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, असायच्या.

अनुदानाचं थोडक्यात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्के. पण हे ८० टक्के तुमच्या बिलावर नाहीत, सरकारनं ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर आहेत. डिस्क फिल्टर, जादा व्हॉल्व्ह, दुसरं घड्याळ असलं काही घेतलं की ते स्वतःच्या खिशातून. आधी पूर्ण पैसे भरावे लागले, अनुदान खात्यावर यायला बरेच महिने गेले. पतसंस्थेचं व्याज हिशोबात धरूनच उतरा.

नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, माझे अजून थोडे गुंठे आहेत. तिथं ठिबक टाकणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्या रानावर पाणी कित्येक दिवस उभं होतं. तिथं लॅटरल शोधायला कर्नाटकापर्यंत जावं लागेल. शिवाय मळीला निचरा आहे, तिथं पाटपाणी एवढं नडत नाही.

खोडवा तुटल्यावर वरच्या काही ओळी नवीन घेणार आहे. त्यांत आता पाइपापेक्षा जॉइनरच जास्त दिसतात. माप तेच, १६ मिलिमीटर, ४० सेंटिमीटरवर २ लिटरचा ड्रीपर. फक्त जाडी क्लास २ ची. पहिल्या वेळी मिळाली ती पातळ होती, उंदरांना फार कष्ट पडले नाहीत.