गॅरेजचं शटर बदलताय? माझे 53,500 गेले, तुमचे तरी वाचवा

हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीचा पत्ता छापलेलं कार्ड, मोबाईल नंबर बेळगावातला आणि फेसबुकवर पांढऱ्या ऑटोमॅटिक शटरचे झकास फोटो. असं कुणी माप घ्यायला तुमच्या दारात आलं तर आधी हे वाचा, मग चहा टाका.

घर बेळगावात अनगोळला, खाली गाडीपुरतं गॅरेज, तोंड दहा बाय आठचं, म्हणजे 80 स्क्वेअर फूट. जुनं शटर सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, खालून शिंतोडे उडून उडून शेवटच्या चार-पाच पट्ट्या आणि तळाची पट्टी गंजून चाळण झालेली. मिस्टर नोकरीला बाहेरगावी, रोज सकाळी ते धूड मीच वर ढकलायची आणि कंबर धरून बसायची, म्हणून मोटरचं घ्यायचं ठरवलं. यात माझं काय चुकलं?

गावातल्या एका फॅब्रिकेटरने 18 गेजचं (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं शटर, मोटर, फिटिंग, जीएसटी सगळं धरून 71,000 सांगितले होते. या शिनोळीच्या कार्डवाल्यांनी सांगितले 56,500, वर जुनं शटर 3,000 ला उचलणार, म्हणजे हातचे 53,500. बोलणं तर इतकं गोड, वाक्यागणिक ताई. "पक्कं बिल घेतलंत तर 18 टक्के उगाच जाणार ताई, साधी पावती करूया की." आता खरं सांगा, टाईल्स, प्लायवूड, सॅनिटरी सामान कच्च्या पावतीवर कोण घेत नाही? मग मलाच एकटीला "बिल का नाही घेतलं" म्हणून शहाणपण शिकवायला सगळे का येतात? 30,000 ॲडव्हान्स फोनवरून दिले. स्कॅन केल्यावर फर्मचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं आलं, विचारलं तर म्हणे पार्टनर आहे. असेल बाबा.

टेम्पो आला तो दिवस मात्र डोक्यातून जात नाही. नव्या पट्ट्यांची गुंडाळी दोन पोरांनी उचलली, त्यातल्या एकाने मोबाईल खांद्याने कानाला दाबून धरलेला, कुणाशी तरी हसत बोलत बोलत तो रॅम्प चढून वर आला. आणि जुनं शटर काढून टेम्पोत घालायची वेळ आली तर हीच दोन पोरं पुरेनात, ड्रायव्हर खाली उतरला, शेजारच्या काकांनी हात लावला, तेव्हा कुठे ते चढलं. म्हणजे गंजून गेलेलं जड आणि नवंकोरं हलकं! हे सगळं माझ्यासमोर चाललेलं, मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी, आणि मी विचारलं काय, तर साखर पुरे का. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पण सॅम्पलचा तुकडा खरोखरच जाड होता हो, मी स्वतः वाकवून बघितलेला. शटर येतं गुंडाळून, वर पांढरा रंग, जाडी दिसणार कुठून? घरात मायक्रोमीटर घेऊन कोण बसतंय? त्याच दिवशी 20,000 दिले आणि फिटिंग झाल्यावर उरलेले 3,500.

पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात पट्ट्या मधे फुगल्या आणि एका बाजूने गाईड चॅनलमधून, म्हणजे शटर ज्या बाजूच्या खाचेत सरकतं तिच्यातून सटकल्या, कारण टोकांना मारायच्या क्लिपाच मारल्या नव्हत्या. त्यातच करंट गेला. करंट नसताना हाताने ओढायला मोटरला साखळी असते, ती दिलेलीच नाही. गाडी आत, मुलीची परीक्षा, आणि आम्ही रिक्षा शोधत पावसात. पावडर कोटिंग म्हणून सांगितलेला रंग नखाने खरवडला तर सोलून आला. शेजारचा मुलगा उद्यमबागला मशीनशॉपमध्ये कामाला आहे, त्याने मागे पडलेला पट्टीचा तुकडा मायक्रोमीटरने मोजला, 0.71 मिलिमीटर. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 पाहिजे. फोन केला तर तो निर्लज्ज काय म्हणतो, "22 गेज घातलंय ताई, 18 पेक्षा जास्तच दिलंय की." गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, एवढं सुद्धा हिला माहीत नसणार, हा त्याचा हिशोब. त्यानंतर नंबर ब्लॉक.

आता पुढचा तमाशा. पोलीस ठाण्यात मराठीत अर्ज घेऊन गेले, तर "कन्नडदल्ली बरेदु कोडी". बरं, कन्नडमधून लिहून नेला. तर हे सिव्हिल मॅटर आहे, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, आणि मिस्टरांना पाठवा. पैसे मी दिले, माल मी घेतला, मिस्टर येऊन काय सांगणार? वर सल्ला असा, की पत्ता शिनोळीचा म्हणजे महाराष्ट्र, तिकडे जा. हद्दीपलीकडच्या ठाण्यात गेले तर तिथे मराठीत गोड बोलून तेच, तुम्ही कर्नाटकातल्या, पैसे बेळगावात दिले, तिकडेच जा. कार्डावरच्या पत्त्यावर बघितलं तर बंद गाळा. 1956 पासून आपण कुठल्या राज्यात याचं भांडण, 2004 पासून ते सुप्रीम कोर्टात, आणि इकडे चोरांनी त्या हद्दीचा बरोबर फायदा उठवलाय. दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. बँकेत तर म्हणे तुम्ही स्वतःच पिन टाकलात ना, मग आम्ही काय करणार.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते तरी कामाचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही राज्यातला असू दे. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. मी केलीय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलीय.

आणि गेज लिहून घेऊ नका, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, सॅम्पलचा तुकडा सहीसकट स्वतःकडे ठेवा. जीएसटी नंबर पोर्टलवर फुकट तपासता येतो, पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटक 29, महाराष्ट्र 27. मी नंतर तपासला, कधीच रद्द झालेला. शेवटचा हप्ता करंट बंद करून शटर हाताने वर-खाली होतंय का बघितल्याशिवाय देऊ नका. आणि खालच्याच पट्ट्या गंजल्या असतील तर तेवढ्याच बदलून मिळतात, एकात एक सरकवलेल्या असतात त्या. हे मला त्या 71,000 वाल्याने सांगितलं, पण कधी, तर माझं जुनं दणकट शटर भंगारात गेल्यावर.

परवा खानापूरच्या नणंदेने एक जाहिरात पाठवली, वहिनी हे कसं वाटतंय म्हणून. फर्मचं नाव नवीन, पत्ता निपाणीचा, आणि फोटोत आमचंच गॅरेज, फिटिंगच्या दिवशी काढलेला फोटो, कोपऱ्यात माझी स्कूटी उभी.