जिओजेब्रा: दहावीच्या भूमितीच्या तासाला

मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला भूमिती शिकवताना मी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर नियमितपणे वापरते. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली. शाळांना ते मोफत मिळते आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटवाचूनही चालते.

फळ्यावर काढलेले वर्तुळ स्थिर असते; येथे मात्र चक्रीय चौकोनाचा एक शिरोबिंदू वर्तुळावरून सरकवला की कोनांची मापे बदलतात आणि तरीही संमुख कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसते. त्रिकोणाचे कोन जवळच्या पूर्णांकात दाखवले, तर बेरीज कधी १७९, कधी १८१ भरते. हा मी दोष मानत नाही, कारण मोजमाप आणि सिद्धता यांतील फरक समजावण्याची इतकी चांगली संधी पाठ्यपुस्तकही देत नाही.

धोकाही तिथेच आहे. आकृती सरकवून पाहिली म्हणजे प्रमेय सिद्ध झाले, असा समज मुलांमध्ये पटकन रुजतो. त्यामुळे पक्ष, साध्य आणि सिद्धता वहीत लिहून घेण्याला पर्याय नाही, आणि बोर्डाच्या परीक्षेत शेवटी कंपास-पट्टीच हाती असते.

मोबाईलवरचे अ‍ॅपही उपयुक्त आहे. लोकलमध्ये बसायला मिळाले (हे फारसे घडत नाही), तर दुसऱ्या दिवशीची आकृती वाटेतच तयार होते. आलेखांसाठीही ते उत्तम आहे, परंतु दोन चलांतील रेषीय समीकरणे मी अजूनही आधी आलेखकागदावरच काढून घेते.