मूल्यमापन घरचे की बाहेरचे? लहान आरोग्यसंस्थेच्या विश्वस्तांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांच्या रक्तक्षयावर काम करणाऱ्या लहान संस्थेला आज ना उद्या ठरवावे लागते की, उपक्रमाचे मूल्यमापन आपल्याच कार्यकर्त्यांनी करावे की बाहेरच्या संस्थेकडे सोपवावे.

घरच्या मूल्यमापनाचे बळ भाषेत आणि ओळखीत आहे. इथे घरोघरी तेलुगू बोलली जाते, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने बाई मांडीवरचे सूप सहसा खाली ठेवत नाही. ओळखीची कार्यकर्ती शेजारी बसून बोलते. परका माणूस लांबलचक प्रश्नावली काढतो आणि त्याला तुटक उत्तरे मिळतात. मात्र हीच ओळख आडही येते. जिने गोळ्या दिल्या तिनेच 'घेता ना?' असे विचारले, तर 'हो' याखेरीज दुसरे काय ऐकू येणार? 'रोज घेते' म्हणणाऱ्या एका घरात तेंदूपत्त्याच्या टोपलीमागे लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटे मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून तोंडी उत्तरापेक्षा रिकामी पाकिटे मोजावीत आणि हिमोग्लोबिन तपासावे.

बाहेरची संस्था तटस्थ असते, पण महाग पडते. शिवाय सुरुवातीच्या नोंदीच नसतील, तर तीही त्या मागाहून निर्माण करू शकत नाही. २०२१ पासून मोठ्या सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतील) प्रकल्पांचे स्वतंत्र मूल्यमापन बंधनकारक आहे. परंतु ते वर्षाला सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांच्या किमान १ कोटीच्या प्रकल्पांना लागू होते, आणि ती जबाबदारी कंपनीची असते. देणगीदाराने तसा आग्रह धरल्यास खर्चही त्याच्याकडेच मागावा.

माझ्या मते याहून मोठा प्रश्न तुलनेचा आहे. केंद्र सरकारची 'ॲनिमिया मुक्त भारत' ही रक्तक्षयाविरुद्धची मोहीम २०१८ पासून सुरू असल्याने वस्तीतले हिमोग्लोबिन वाढले, तरी ते आपल्यामुळेच वाढले असे म्हणता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग ३९ गावांत केला आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी घेतली, म्हणूनच बालमृत्यू घटल्याचा त्यांचा निष्कर्ष जगाने मानला. आपल्याला एवढा पसारा नको; उपक्रम पुढच्या वर्षी जिथे न्यायचा आहे, ती वस्ती यंदा तुलनेला पुरते. फक्त तिथे कोणाचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली आढळले, तर त्या बाईला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. आकड्यांसाठी तिला थांबवून ठेवणे अक्षम्य आहे.

त्यामुळे वार्षिक खर्च काही लाखांत असलेल्या संस्थेने मोजणी घरचीच ठेवावी, पण दर दहा घरांपैकी एका घराची फेरतपासणी त्रयस्थाकडून करून घ्यावी. सोलापूरच्याच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाकडे त्यासाठी विचारणा करता येईल, आणि ही विचारणा पहिली गोळी वाटण्याआधीच करावी.