शहर बससेवा: बॅटरी की हायड्रोजन?

नव्या बसगाड्या घेताना बॅटरी निवडावी की हायड्रोजन, हे धुरावरून ठरवता येत नाही, कारण धूर दोन्हींतून निघत नाही. खरा फरक आहे तो विजेच्या हिशेबात.

पाण्याचे विघटन करून 1 किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. त्या किलोभर वायूत सुमारे 33 युनिट ऊर्जा असते, तो 350 बार दाबाने टाकीत भरताना आणखी वीज जाते आणि बसमधल्या फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचात, त्या ऊर्जेपैकी साधारण निम्म्याचीच पुन्हा वीज होते. म्हणजे 50-55 युनिट खर्चून मोटरला जेमतेम 16-17 युनिट मिळतात. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर तिचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतो. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराने 51 हायड्रोजन बसगाड्यांची योजना जानेवारी 2022 मध्ये रद्द केली, ती याच हिशेबामुळे: हायड्रोजनवर दर किलोमीटरला 95 सेंट, तर विजेवर 15 सेंट खर्च येणार होता.

हायड्रोजनची बाजू अगदीच लंगडी नाही. टाकी काही मिनिटांत भरते, पल्ला मोठा मिळतो आणि जड बॅटरी वाहावी लागत नाही. लांब पल्ल्याच्या अवजड वाहतुकीत या गोष्टींना मोल आहे. रात्री आगारात उभ्या राहणाऱ्या शहर बसला मात्र त्यांची फारशी गरज पडत नाही.

उगमाचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून 1 किलो बनवताना 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारताच्या 2023 च्या मानकानुसार हरित, म्हणजे अक्षय स्रोतांपासून बनवलेल्या, हायड्रोजनसाठी या उत्सर्जनाची मर्यादा 2 किलो आहे. आपल्या ग्रिडवरील कोळशाच्या विजेने इलेक्ट्रोलायझर (पाण्याचे विघटन करणारे यंत्र) चालवला, तर उत्सर्जन नैसर्गिक वायूच्या पद्धतीपेक्षाही कितीतरी वाढते.

म्हणून शहर बससाठी माझा कौल निःसंशय बॅटरीला आहे. हरित हायड्रोजन अजून थोडा आणि महाग आहे. तो आधी अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांना मिळावा. तिथे अमोनिया बनवायला हायड्रोजन कच्चा माल म्हणूनच लागतो आणि बॅटरी त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही एखाद्या परिवहन संस्थेला हायड्रोजन बस घ्यायचीच असेल, तर तिने निविदेत इंधनाच्या उगमाचे प्रमाणपत्र, पुरवठ्याची हमी आणि इंधनासह प्रति किलोमीटर दर या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात.