श्रावण संच: जिवतीचा कागद उत्तम, कहाण्यांची पुस्तिका निराशाजनक

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या आषाढात मी दादर पश्चिमेच्या एका पूजासाहित्याच्या दुकानातून ‘श्रावण संच’ नावाची पेटी ७५१ रुपयांना विकत घेतली आणि पुढचा पूर्ण महिना ती घरात वापरली. अशा तयार पेट्या आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि यंदाचा श्रावण १३ ऑगस्टला सुरू होत आहे, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही.

पेटीत जिवतीचा कागद (श्रावणात घरात लावून पूजायचे देवतांचे छापील चित्र), व्रतांच्या कहाण्यांची छोटी पुस्तिका, शिवामुठीच्या, म्हणजे श्रावणी सोमवारी शंकराला मूठभर वाहायच्या धान्याच्या पाच पुड्या, शुक्रवारसाठी फुटाणे, साखर आणि हळदकुंकू घातलेल्या चार पुड्या, मंगळागौरीसाठी वाळवलेल्या पत्रींचे (पूजेला वाहायच्या पानांचे) पाकीट, कापसाची वस्त्रे, फुलवाती आणि नागपंचमीसाठी नागाचे एक चित्र असा ऐवज होता. वस्त्रे आणि वाती नीटनेटक्या होत्या. नागाचे चित्र मात्र चकचकीत कागदावर छापलेले असल्याने त्याला गंध लागेना, आणि शेवटी आम्ही नेहमीप्रमाणे पाटावर चंदनाने नाग काढला.

या पेटीतली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे जिवतीचा कागद. हल्ली हा कागद गुळगुळीत आणि भडक रंगांत छापलेला मिळतो आणि त्यावरच्या देवांचे चेहरे दूरदर्शन मालिकांतल्या नटांसारखे दिसतात. या संचातला कागद मात्र जुन्या पद्धतीचा, लाल आणि काळ्या शाईतला, जाड रेषांचा आहे. चारही चौकटी जागच्या जागी आहेत: खांबातून प्रकटलेला नृसिंह, कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण, मुलाबाळांनी वेढलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि शेवटी हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती. वरवर पाहता या देवतांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, परंतु नृसिंह शनिवारचा, कालियामर्दन नागपंचमीचे, जरा-जिवंतिका शुक्रवारच्या आणि बुध-बृहस्पती बुधवार-गुरुवारचे हे लक्षात आले, की ज्या घरात पंचांग वाचणारे कोणी नव्हते त्या घरासाठी हा कागद म्हणजे महिन्याचे वेळापत्रकच होता हे कळते. जरा ही मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन शकलांत जन्मलेल्या मुलाला सांधणारी राक्षसी, म्हणून त्या मुलाचे नाव जरासंध. मूल जगवणारी म्हणून ती राक्षसी असूनही देवघराशेजारी आली आणि जिवंतिकेबरोबर बोलण्यात एकच ‘जिवती’ होऊन बसली. संचाच्या माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नाही. कागदाखाली केवळ ‘श्रावण देवता’ असे छापले आहे, आणि हा शब्द मी तरी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

खरा घोळ शुक्रवारच्या पुड्यांत झाला. एकेका पुडीत हौसेने हिरव्या खणाचा तुकडा आणि दोन हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. पहिल्या शुक्रवारी पुडी उघडल्यावर सासूबाई काही क्षण बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अगं, जिवतीच्या पुडीत हिरवं कोणी घातलं?” जिवतीच्या कहाणीतली आई आपल्या दूर गेलेल्या मुलासाठी नेम धरते, की हिरवे लुगडे नेसायचे नाही, हिरवी बांगडी भरायची नाही, कारल्याच्या मांडवाखालून जायचे नाही आणि तांदळाचे धुवण ओलांडायचे नाही, या नेमावरच कहाणीचा सगळा डोलारा उभा आहे, कारण पुढे त्याच खुणेवरून मुलाला आपली आई ओळखू येते. म्हणजे संच तयार करणाऱ्यांनी स्वतःच पुरवलेल्या पुस्तिकेतली गोष्ट वाचली नव्हती. तो खण आम्ही मंगळागौरीसाठी बाजूला ठेवला, कारण तिथे हिरवा चालतो. पुढची अडचण अशी, की २०२५ च्या श्रावणात शुक्रवार पाच होते आणि पुड्या चारच होत्या. पाचव्या शुक्रवारचे फुटाणे कोपऱ्यावरच्या भडभुंज्याकडून आणले, आणि ते पुडीतल्या फुटाण्यांपेक्षा कितीतरी खुसखुशीत निघाले.

शिवामुठीच्या बाबतीत याच्या उलट प्रकार झाला. तांदूळ, तीळ, मूग, जव आणि सातू हा क्रम पुड्यांवर अचूक छापला होता आणि धान्यही स्वच्छ होते, याबद्दल दुकानाला शाबासकी द्यायला हवी. परंतु सातू हा पाचव्या सोमवारचा असतो आणि २०२५ मध्ये सोमवार चारच आले. २०२४ मध्ये श्रावण सोमवारीच सुरू झाला होता आणि सोमवार पाच होते. त्यामुळे आदल्या वर्षीचाच हिशेब पुढच्या वर्षी खपवला, असा संशय येतो. यंदाही सोमवार चार आणि शुक्रवार पाच आहेत, तेव्हा खरेदी करणाऱ्यांनी पेटी उघडून पुड्या मोजूनच पैसे द्यावेत.

मोजण्यावरून दुकानातला एक संवाद आठवतो. मी १४ जुलैला गेले तेव्हा तिथल्या मदतनीस मुलाने ‘श्रावण लागलासुद्धा, आज पहिला सोमवार’ असे मला सांगितले. तो चुकीचे बोलत नव्हता. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि मुंबईसारख्या शहरात बाबुलनाथाच्या पायऱ्यांवरची सोमवारची गर्दी चारऐवजी सहा-सात आठवडे टिकते. पेटीवर मात्र कोणत्या श्रावणाचा संच आहे याचा उल्लेख नव्हता.

आता पुस्तिकेविषयी. माझी मुख्य तक्रार तिच्याबद्दल आहे. कागद चांगला आहे, टंक मोठा आहे, शुद्धलेखनाच्या चुका जवळपास नाहीत. परंतु ‘आजच्या पिढीसाठी सोप्या भाषेत’ असे मुखपृष्ठावर लिहून कहाण्यांची भाषा अक्षरशः धुऊन काढली आहे. ‘आटपाट नगर होतं’ याचे ‘एका मोठ्या शहरात’ असे झाले आहे. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ या जागी ‘गर्व करू नये व व्रत अर्धवट सोडू नये’ असे वाक्य आहे, जे सोसायटीच्या सूचनाफलकावर शोभेल. ‘वसा’, म्हणजे व्रताचा नेम, हा शब्द संपूर्ण पुस्तिकेत एकदाही नाही. शिवामुठीच्या कहाणीतली ‘नावडती’ ही ‘दुर्लक्षित सून’ झाली आहे. आवडती आणि नावडती या जोडीत जो सगळा छळ आणि सगळी आशा एकदम सांगितली जाते, ती ‘दुर्लक्षित’ या शब्दात कशी यावी? सर्वांत जास्त वाईट वाटले ते खुलभर दुधाच्या कहाणीचे. राजाच्या हुकमाने गावाने घरातले सगळे दूध देवळात ओतले तरी गाभारा भरत नाही, आणि वासरांना, लेकरांना पाजून उरलेले खुलभर दूध म्हातारीने वाहताच तो भरतो, ही गोष्ट त्या ‘खुलभर’ या शब्दावर तोललेली आहे. पुस्तिकेत ‘ग्लासभर दूध’ आहे. खुला म्हणजे काय हे माझ्या मुलीलाही ठाऊक नव्हते, पण विचारल्यावर आजीने तळहाताची ओंजळ करून एवढेसे भांडे असे दाखवले आणि ते तिला एका क्षणात समजले. ग्लासभर म्हटल्यावर तिने काही विचारलेच नसते.

शेवटचे ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे वाक्य मात्र तसेच ठेवले आहे, बहुधा ते बदलण्याचे धाडस झाले नसावे. साठ वचनांत सांगण्यासारखी गोष्ट पाच वचनांत आटोपली, असा त्याचा अर्थ एका ओळीत देता आला असता. त्याऐवजी मलपृष्ठावर आषाढी अमावास्येच्या ‘गटारी’ची उत्पत्ती ‘गताहार’ या शब्दापासून झाली असे ठासून सांगितले आहे. ही व्युत्पत्ती अलीकडे सगळीकडे फिरते आहे. मला ती मागाहून जुळवलेली वाटते. त्याच दिवशी दिव्यांची पूजा असते, याचा मात्र उल्लेख नाही.

वाळवलेल्या पत्रींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मंगळागौरीला सोळा प्रकारच्या पत्री लागतात आणि त्या ताज्याच हव्यात. पाकिटातून निघाला तो चुरा होता. दादर स्थानकाबाहेरच्या फुलबाजारात पहाटे सहाच्या आधी गेल्यास कर्जत, शहापूर, पालघरकडून आलेल्या बायका आघाडा, दूर्वा, बेल आणि पत्रींचे वाटे मांडून बसलेल्या असतात, आणि त्यांच्याच टोपलीत टाकळा, कुर्डू, फोडशी याही भाज्या असतात. आघाड्याचे तुरे साडीला चिकटतात, हा त्रास धरूनही तो सौदा चांगला आहे.

संच गोकुळाष्टमीपाशी थांबतो. श्रावणी अमावास्येची पिठोरी, म्हणजे आईने मुलांसाठी करायचे व्रत, त्यात नाही, त्यामुळे चौसष्ट योगिनींचे चित्र आम्हाला वेगळे शोधावे लागले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी खिरीचे ताट डोक्यावर धरून मागे न पाहता ‘अतीत कोण?’ असे विचारले आणि चाळिशीतल्या माझ्या नवऱ्याने ‘मी’ म्हणून ते मागून उचलले. नारळी पौर्णिमेसाठी पेटीत काही नव्हते, पण त्यासाठी एक नारळ पुरतो.

हिशेबाने पाहिले तर जिवतीचा कागद, वस्त्रे, वाती आणि शिवामुठीचे धान्य सुटे घेतल्यास माझ्या भागातल्या भावाने तीनशे रुपयांच्या आत काम होते. यंदा मी त्याच दुकानात जाऊन फक्त जिवतीचा कागद मागणार आहे. गेल्या वर्षी तो सुटा देत नाही असे सांगण्यात आले होते, पण बराच वेळ थांबल्यावर शेजारच्या बाईंना वीस रुपयांत दिलेला मी पाहिला आहे. कहाण्या सासूबाईंकडून ऐकून वहीत उतरवण्याचे काम मुलीने सुरू केले असून सध्या तिची गाडी बुध-बृहस्पतींच्या कहाणीतल्या मामा-भाच्यांवर येऊन थांबली आहे, कारण कहाणीप्रमाणे धान्यासाठी कोठीवर आणि पैशांसाठी पेटीवर त्यांचे चित्र काढायचे, तर आपल्या घरात ते फ्रीजवर काढावे की कपाटावर, यावर आजी-नातीचे अजून एकमत झालेले नाही.