वॉकीटॉकींचं प्रोग्रॅमिंग कॉपी करायचंय: केबल, सॉफ्टवेअर की हवेतून?

एक सेट मनासारखा तयार झाला. फ्रिक्वेन्सी, टोन (आपल्याच गटाचा आवाज ओळखून स्पीकर उघडणारा संकेत), स्कॅन लिस्ट, बाजूच्या बटणांची कामं, सगळं जागेवर. आता तेच उरलेल्या सेटमध्ये उतरवायचं आहे. त्यासाठी तीन रस्ते आहेत. सेट किती आहेत याचा विचार नंतर करा. आधी हे ठरवा, की ते सगळे अगदी एकसारखे असून चालणार आहेत का?

साधे ॲनालॉग सेट असतील तर बहुधा चालतं, आणि मग सेटमधून सेटमध्ये थेट क्लोन करणं सगळ्यांत सोपं. दोन्ही सेट क्लोनिंग केबलने जोडायचे, मॅन्युअलमध्ये दिलेली बटणं दाबून धरून चालू करायचे, एकावरून पाठवायचं, दुसऱ्यावर घ्यायचं. काही मॉडेलांच्या मल्टि-चार्जरमध्येच ही सोय असते. लॅपटॉप लागत नाही. पण मॉडेल आणि बँड तोच हवा; 136 ते 174 मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ सेटचा क्लोन यूएचएफ सेटमध्ये जाणार नाही. शिवाय मूळ सेटमधली चूकही सगळीकडे पोचते, आणि कशात काय भरलं याची नोंद कुठेच राहत नाही.

डिजिटल सेट आले की हिशेब बदलतो. डीएमआर या डिजिटल रेडिओच्या मानकात प्रत्येक सेटला स्वतःचा रेडिओ आयडी असतो. क्लोन करताना तोही उचलला गेला, तर सगळा ताफा एकाच आयडीने बोलू लागतो. ग्रुप कॉल नीट चालतात, म्हणून गडबड लवकर लक्षातही येत नाही. मग कुणीतरी इमर्जन्सीचं बटण दाबतं आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर नक्की कोण संकटात आहे ते कळत नाही. किंवा हरवलेला सेट दुरून बंद करण्याचा आदेश जातो आणि कामावरचे सेटही मुके होतात. एवढ्या एका कारणासाठी मी डिजिटल ताफ्यात थेट क्लोन टाळायला सांगेन.

तिथे कंपनीचं सीपीएस, म्हणजे सेट प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, वापरावं. आधी प्रत्येक सेट वाचून त्याची फाईल जपून ठेवायची, मग मास्टर फाईलवरून लिहायचं आणि आयडी व नाव सेटगणिक बदलायचं. काही सीपीएसमध्ये क्लोन करताना समोरच्या सेटचा आयडी तसाच ठेवता येतो. तो पर्याय आधी शोधा. ताफ्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे ॲनालॉग सेट असतील, तर चर्प हे मोफत सॉफ्टवेअर कामाला येतं. त्यात एका मॉडेलची चॅनेल यादी दुसऱ्यात आणता येते, जे केबल क्लोनला जमत नाही. मेनूतल्या बाकीच्या सेटिंग मात्र प्रत्येक मॉडेलवर वेगळ्या पाहाव्या लागतात. त्रास खरा केबलचा. स्वस्त केबलमध्ये नकली चिप असली की विंडोजचा ड्रायव्हर ती नाकारतो, आणि दोन पिनांचा प्लग पूर्ण आत बसला नाही तरी सेट उत्तर देत नाही. दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

हवेतून, म्हणजे केबल न लावता रेडिओवरूनच, प्रोग्रॅमिंग करणं ऐकायला झकास वाटतं. गाड्या लांबवर पसरलेल्या असतील आणि एखादा संपर्क किंवा चॅनेल बदलायचा असेल, तर उपयोगीही आहे. पण डीएमआरच्या एका चॅनेलचा वेग 9600 बिट प्रति सेकंद, तोही दोन टाइमस्लॉटमध्ये, म्हणजे आळीपाळीच्या वेळेच्या तुकड्यांत, वाटलेला. पूर्ण कोडप्लग, म्हणजे सेटच्या सगळ्या सेटिंगची फाईल, पाठवायला बसलात तर चॅनेल अडून राहतं. सेट चालू आणि रेंजमध्ये हवा. फ्रिक्वेन्सी चुकीची गेली, तर तो सेट पुन्हा हवेतून सापडत नाही, केबलच लावावी लागते. नवा ताफा उभा करताना हा रस्ता धरू नका. पी25 या दुसऱ्या डिजिटल मानकात एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तर वेगळ्या की-लोडरने भरतात, त्यामुळे कोडप्लग कॉपी झाला म्हणजे सेट तयार झाला असं तिथे समजू नये.

रस्ता कुठलाही घ्या, बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि लिहिणं चालू असताना केबल हलवू नका. नंतर प्रत्येक सेटवरून बोलून पाहा, नुसतं ऐकू नका: पाठवायचा टोन राहून गेला असेल, तर त्या सेटला सगळ्यांचं ऐकू येतं, त्याचं मात्र कुणालाच जात नाही.