ओल्या कचऱ्याचं काय करायचं: गॅसची टाकी, बायोएन्झाइम की सरळ कचरागाडी? (इंदूरकरांसाठी)

सुदामा नगर, लोकमान्य नगरकडच्या आपल्या मंडळींत हल्ली हा विषय सारखा निघतो म्हणून सविस्तर लिहितेय. गॅसची टाकी म्हणजे खरकट्यापासून घरीच स्वयंपाकाचा गॅस करणारी बायोगॅसची टाकी, आणि बायोएन्झाइम म्हणजे फळांची सालं गूळ-पाण्यात बाटलीत आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी. दोन्हीकडे काम जंतूंचंच, फरक एवढाच की कुठे थांबायचं. टाकीत हवा नसते, तिथे काही जंतू अन्नाची आम्लं करतात आणि दुसरे त्या आम्लांचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करतात. बाटलीत मात्र गुळावर आधी अल्कोहोल होतं, मग व्हिनेगरसारखं आम्ल, आणि तिथेच थांबतं.

टाकीचं आधी. बंगला आहे, गच्चीवर ऊन येतं, घरात पाच-सहा माणसं आहेत तर जरूर घ्या. पण हिशोब नीट करा, किलोभर खरकट्यातून साधारण 100 लिटर गॅस निघतो, म्हणजे एका बर्नरवर पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे सिलेंडर बंद होईल या आशेवर घेऊ नका. शिळा भात, पोळी, कणीक यांना गॅस चांगला सुटतो, पालेभाजीच्या देठांना कमी. आणि रोज बघावं लागतं हो! मे महिन्यात पाहुणे आले, श्रीखंड-पुरी उरली म्हणून सगळं एकदम ओतलं की आम्लं साचतात, मिथेनवाले जंतू फार हळू वाढतात, त्यांना ते झेपत नाही, मग टाकीला आंबट वास येतो नि ज्योत धरत नाही. अशा वेळी काही दिवस काहीच घालायचं नाही, थोडं शेण कालवून सोडायचं.

लिंबू-संत्र्याची सालं टाकीत नकोच, त्यातलं तेल त्या जंतूंना मारक असतं. बायोएन्झाइमला मात्र हीच सालं सगळ्यात भारी! एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्याच बाटलीत, वर जागा सोडून, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, नाहीतर बाटली फुगून फुटते. सिंक, टाइल्स, बाथरूम छान निघतात. पण आपल्याकडे घरोघरी कोटा फरशी, ती चुनखडीची, आम्लाने खाल्ली जाते, तिच्यावर किंवा संगमरवरावर अजिबात नको. आणि ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

फ्लॅटवाल्यांना माझं स्पष्ट मत, सालं बाटलीत, बाकी सगळं गाडीत. त्यात कमीपणा नाही. देवगुराडियाचा प्लांट फेब्रुवारी 2022 पासून चालू आहे, सुरू झाला तेव्हा क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची, तिथे टाकीसारखंच आंबवणं होतं आणि त्या गॅसवर शहरातल्या बसेस धावतात. फक्त ओल्यात प्लॅस्टिकची पिशवी जाऊ देऊ नका.

टाकी घेणारच असाल तर होळीच्या सुमारास सुरू करा. पहिल्यांदा शेणाचा काला भरून दोन-चार आठवडे थांबावं लागतं, सुरुवातीचा गॅस पेटतही नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जंतू सुस्तावतात, तेव्हा खरकटं निम्म्यावर आणा.